मागच्या पानावर राहिलेली लाल चौकट

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहणार नाही. तुम्हाला दिसतात ती माझी पानं. मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे, लोखंडाचाही नव्हे. मी संगणकात राहतो आणि मजकुराला पानावर नीट बसवणं हे माझं काम. आता माझ्या जागी नवा साचा येऊ घातला आहे, म्हणून म्हटलं, जाता जाता चार शब्द बोलावेत. एरवी आम्हा साच्यांना बोलायला सांगतंय कोण?

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या कारखान्यात बेकऱ्यांसाठी कणीक मळायची मोठी यंत्रं बनतात. यंत्र म्हटलं की ते चालवायचं कसं, धुवायचं कसं, बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं हे सांगणारं पुस्तक आलंच. त्या पुस्तकाचा मजकूर एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेला असतो. त्यात पान नसतं, समास नसतो, अक्षर लहान की मोठं तेही नसतं. फक्त प्रत्येक तुकड्यावर एक चिठ्ठी असते: हा मथळा, ही पायरी, ही सूचना, हे चित्र. असा मजकूर माझ्याकडे येतो आणि मी सांगतो की मथळा ठळक, सूचना लाल चौकटीत, चित्र मधोमध. माझं ऐकून छापणारा प्रोग्राम त्याची पीडीएफ करतो आणि मग ती कागदावर उतरते. मी सांगतो म्हटलं खरं, पण ती जरा फुशारकी झाली. मला जे शिकवलं तेवढंच मी करतो. कमी नाही आणि जास्तही नाही.

मला शिकवणाऱ्या बाईंना सगळा विभाग वहिनी म्हणायचा. त्यांचे धाकटे दीर त्याच कारखान्यात मेकॅनिक होते. ग्राहकांकडे जाऊन यंत्रं दुरुस्त करायची हे त्यांचं काम. दुपारी कारखान्यात असले की ते चहाला वहिनींच्या टेबलाशी येऊन बसत आणि दारातूनच "वहिनी, आहे का घोटभर?" अशी हाक देत. ती हाक ऐकून ऐकून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले. वहिनी दिरांना भाऊजी म्हणत, म्हणून मीही त्यांना भाऊजीच म्हणतो. माझं त्यांच्याशी दुसरं नातं ते काय?

माझं बालपण फार हालात गेलं, मित्रांनो. मी पहिलं पान केलं तेव्हा त्यावर एकही अक्षर उमटलं नाही. नुसते रिकामे चौकोन, एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या. तेवढ्यात भाऊजी आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे पुस्तक आहे की न्हाणीघराची फरशी?" वहिनींना हसू आवरेना. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक अशी होती की मला दिलेल्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, मराठी अक्षरंच नव्हती. ज्या अक्षराचा आकार सापडत नाही, त्याच्या जागी छापणारा प्रोग्राम चौकोन ठेवून मोकळा होतो. वहिनींनी टंक बदलला आणि तो पीडीएफच्या पोटातच भरून ठेवायला मला शिकवलं. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर तो टंक नसला तरी अडायला नको.

मग अक्षरं आली, पण तीही विस्कटलेली. वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसली, जोडाक्षरांचे पाय मोडले. ते दुखणं छापणाऱ्या प्रोग्रामचं निघालं. त्याला आमची लिपी जुळवता येत नव्हती, तेव्हा वहिनींनी प्रोग्रामच बदलला. पुढे सुट्या भागांच्या लांबलचक क्रमांकांनी छळलं. त्यांना मोडायला जागाच नसते, त्यामुळे ते तक्त्याच्या रकान्यातून बाहेर पडून थेट पानाबाहेर जायचे. कुठे रकान्याची उंची मीच बांधून ठेवलेली, की शेवटची ओळ कापलीच म्हणून समजा. कुठे मथळा पानाच्या तळाशी एकटाच उभा आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर. एकेक दुखणं निस्तरताना वहिनींच्या नाकी नऊ आले.

पण त्या कधी वैतागून माझ्यावर हात चालवत नसत. त्यांची एक पद्धत होती. आधी विचारायचं की खोट कुठे आहे, मजकुरात, साच्यात की छापणाऱ्यात? मग मजकूर निम्मा काढून बघायचं. खोट गेली तर ती काढलेल्या भागात, नाही गेली तर उरलेल्या भागात. असं निम्मं निम्मं करत त्या बरोबर त्या एका ओळीपाशी येऊन पोहोचत. आणि तेवढ्यानंही कळलं नाही तर त्या माझ्या प्रत्येक चौकटीला रंगीत रेघ मारत. पान रांगोळीसारखं दिसायला लागे, पण कोण कुणाच्या जागेत घुसलंय ते लगेच समजे. काम झालं की रेघा पुसायच्या. माझ्या अंगावरच्या त्या रंगीत रेघा मला फार आवडत. कुणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघतंय, याचं सुख वेगळंच असतं.

वहिनींनी मला शिकवलेल्या नियमांत एक नियम त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटायचा. लाल चौकटीतली सूचना आणि तिच्या मागून येणारी पायरी यांची ताटातूट करायची नाही. दोघी एका पानावर मावत नसतील तर दोघींना उचलून पुढच्या पानावर न्यायचं, मग मागचं पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. मी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळत असे. आमची पुस्तकं त्यामुळे थोडी जाड दिसत, अधूनमधून पांढरी पडत. पण ग्राहकांकडून तक्रार कधी आली नाही.

मग नवं यंत्र आलं. जुन्या यंत्रात कणकेचा टोप साखळीने वर उचलला जाई. नव्यात तो तेलाच्या दाबाने उचलला जाऊ लागला. टोप म्हणजे घरातला नव्हे हं, मित्रांनो. त्यात एक माणूस आरामात झोपेल एवढा तो मोठा आणि पोलादी. त्याला वर तोलून धरणारं तेल एका नळीतून येतं. ती नळी गळायला लागली तर बदलावी लागते, आणि बदलताना नट सैल केला की तेल वाहून जातं आणि टोप खाली बसतो. म्हणून आधी टोपाखाली लोखंडी टेकू लावायचा आणि मगच नटाला हात घालायचा. लाल चौकटीत हेच लिहिलेलं होतं: नट सैल करण्याआधी टोपाखाली टेकू लावा.

नव्या यंत्राचं नवं पुस्तक तयार झालं आणि विभागाच्या साहेबांनी ते चाळलं. साहेब वाईट नव्हते. नीटनेटकेपणाची त्यांना भारी हौस, एवढंच. ते म्हणाले, "वहिनी, ही जागोजागी अर्धी अर्धी पानं कोरी का? लोक म्हणतील, छापायचं विसरले."

"सूचना आणि पायरी तुटू नये म्हणून ठेवलीत, साहेब."

"अहो, तुटून जाईल कुठे? पुढच्याच पानावर तर आहे. एवढं पान उलटायला काय लागतं? भरून घ्या सगळी."

वहिनींनी मला उघडलं आणि तो नियम काढून टाकला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. साच्याला नियम असतो तोवर असतो आणि गेला की गेला. उलट पुस्तक एकदम सडपातळ झालं, प्रत्येक पान काठोकाठ भरलं. बैठकीत ते हातोहात फिरलं. इतकं देखणं पुस्तक या कारखान्यातून आजवर निघालं नव्हतं असं सगळे म्हणाले आणि वहिनींना उभं करून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही आत हरखून गेलो होतो.

त्यानंतर वहिनींनी पुस्तक पुन्हा तपासलं, पण पडद्यावर. पडद्यावर पानं एकाखाली एक सरकत जातात आणि दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची करडी पट्टी तेवढी दिसते. डोळा ती पट्टी सहज ओलांडतो. सूचना वाचली, खाली पायरी वाचली, ठीक आहे, पुढे चला. पुस्तक छापून बाहेर पडलं.

आणि एका बेकरीत भाऊजींच्या हातावर टोप बसला.

ती बातमी टेबलावरच्या फोनवर आली. वहिनी उभ्याच राहिल्या, नुसतं "कुठला हात?" एवढं विचारलं आणि पर्ससुद्धा न घेता धावल्या. मी तसाच उघडा राहिलो. डॉक्टरांनी भाऊजींचा उजवा हात वाचवला, पण त्याची दोन बोटं आता वाकणार नाहीत असं कळलं. मेकॅनिकचा उजवा हात, मित्रांनो. पान्याला घट्ट मूठ लागते.

पुढे चौकशी बसली. साहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं. सूचना होती, लाल चौकटीत होती, शब्द ठळक होते. मग दोष कुणाचा? भाऊजींच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' असा शेरा पडणार हे जवळपास ठरलं. फक्त शेवटची बैठक व्हायची होती. हा शेरा एकदा लागला की त्यांना कुणी यंत्राजवळ उभं करणार नव्हतं, आमच्या कारखान्यात नाही आणि दुसरीकडेही नाही. हात अधू झालेला मेकॅनिक नव्या माणसांना शिकवू शकतो, तपासणी करू शकतो. पण निष्काळजी ठरलेल्या मेकॅनिकला कोण विचारतो?

बैठकीच्या आधी एक दिवस भाऊजी वहिनींच्या टेबलाशी आले. हात गळ्यात बांधलेला. या वेळी दारातून हाक आली नाही. ते नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मला एकदा ते पान दाखवता का?"

वहिनींनी पीडीएफ उघडली. लाल चौकट पडद्यावर आली आणि तिच्याखाली लगेच पायरी. बरेच दिवस मनात कोंडून ठेवलेलं वहिनींच्या तोंडून बाहेर पडलं. "हे बघा भाऊजी. एवढं मोठं, लाल चौकटीत लिहिलं होतं हो! घरी सगळे मला विचारतात, तू लिहिलं नव्हतंस का म्हणून. मी काय सांगू? लिहिलं होतं!"

भाऊजींनी पडद्याजवळ तोंड नेलं. परत मागे घेतलं. "हो. आहे की," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मग मला दिसलं कसं नाही, वहिनी? माझे डोळे फुटले होते का?"

भाऊजी उठले. जाताना त्यांनी डाव्या हाताने खुर्ची नीट आत सरकवली. मित्रांनो, मला हात नाहीत, आवाज नाही. पण आज ते आठवलं की ओरडून सांगावंसं वाटतं की थांबा, ती करडी पट्टी बघा! मात्र खरं सांगतो, त्या पट्टीचा अर्थ तेव्हा मलाही कळलेला नव्हता. पान हातात कसं घेतात हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीसाठी छापील पुस्तकाची एक कोरी प्रत हवी होती. विभागातल्या प्रती संपल्या होत्या म्हणून वहिनी लॅपटॉप काखेत मारून मेकॅनिक लोकांच्या खोलीत गेल्या. त्यामुळे मलाही जाणं घडलं. तेलाचे डबे, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, मधोमध पत्रा ठोकलेलं लांब टेबल. तिथे सगळ्यांत जुने मेकॅनिक मिस्त्रीकाका नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडत होते. त्यांनी एक पुस्तक घेतलं, पकडीने त्याच्या पिना उपसल्या आणि पानं सुटी करून टेबलावर मांडायला लागले.

"अहो काका, हे काय करताय? पुस्तक फाडताय?"

"फाडतोय कशाला? वाटतोय," मिस्त्रीकाका म्हणाले. "पुस्तक घेऊन टोपाखाली शिरणार कोण, बाई? हात तेलाने बरबटलेले. पान उलटायचं कशाने, नाकाने? ज्याला जे काम, त्याला तेवढं पान. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, यंत्राला लोहचुंबकाने चिकटवायचं आणि कामाला लागायचं. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो की."

त्यांनी नळीचं पान पिशवीत सरकवलं आणि बाजूला ठेवलं. त्याच्या आधीचं पान पट्टा बदलण्याचं होतं. ते दुसऱ्या मेकॅनिकच्या पिशवीत गेलं. आमची पानं एकाच बाजूने छापलेली असतात, मागची बाजू टिपणं करायला कोरी. वहिनींनी नळीची पिशवी हातात घेतली. पानाची पहिलीच ओळ होती: नळीचा नट सैल करा. तिच्या वर काही नव्हतं. लाल चौकट पट्ट्याच्या पानाच्या तळाशी राहिली होती.

वहिनी तिथल्याच बाकावर बसल्या. मिस्त्रीकाका पाणी आणायला धावले. त्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली. वहिनी पिशवीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "आणि मी त्यांना म्हटलं, लिहिलं होतं."

जुन्या यंत्राला टेकू लागतच नसे आणि नव्या यंत्राची नळी भाऊजी पहिल्यांदाच बदलत होते. त्यांनी पान वाचलं होतं. त्या पानावर जे होतं तेच त्यांनी केलं.

वहिनींनी त्याच पत्र्याच्या टेबलावर मला उघडलं. काढलेला नियम परत लिहिला आणि पुस्तक नव्याने केलं. बाकीच्या सूचना गुपचूप आपापल्या पायऱ्यांजवळ आल्या. ही एक मात्र हलेना. लाल चौकट होती तिथेच, मागच्या पानाच्या तळाशी. वहिनींनी मजकूर निम्मा केला, पुन्हा निम्मा केला. शेवटी माझ्या चौकटींना रंगीत रेघा मारल्या. तेव्हा दिसलं की सूचना आणि पायरी यांच्यामध्ये एक बारीक निळी रेघ होती. रिकामा परिच्छेद! मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांनी जरा मोकळं दिसावं म्हणून तिथे एक कोरी ओळ सोडली होती. परिच्छेद म्हणून चिठ्ठी होती आणि आत काहीच नव्हतं. मला नियम होता की सूचनेच्या मागून जे येईल त्याला तिच्यासोबत ठेव. मी ठेवलं होतं. त्या रिकाम्या परिच्छेदाला मी सूचनेजवळ घट्ट धरून बसलो होतो आणि खरी पायरी एकटीच पुढच्या पानावर गेली होती.

वहिनींनी मला नवं शिकवलं. रिकामा परिच्छेद आला तर तो टाकून द्यायचा. आणि सूचना नि पायरी यांना नुसतं शेजारी ठेवायचं नाही, तर दोघींना एकाच चौकटीत बांधायचं. काही झालं तरी ती चौकट तोडायची नाही. या वेळी पुस्तक केलं तेव्हा नळीचं पान लाल चौकटीने सुरू झालं. मिस्त्रीकाका पडद्याकडे वाकून बघत होते. ते म्हणाले, "हे असं आधी असतं तर," आणि वाटायला काढलेल्या पिशव्या परत गोळा करायला लागले.

बैठकीआधी वहिनींनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी पडला, पण रिकाम्या परिच्छेदाचं ऐकताच उजळला. "मग सुटलो की आपण! खोट मजकुरात निघाली. लिहिणारे गृहस्थ तर केव्हाच नोकरी सोडून गेले. त्यांच्या माथी मारू. भाऊजींवरचं बालंट टळेल, तुम्हाला काही लागणार नाही, मलाही नाही."

मी ऐकत होतो. भाऊजी सुटत होते, वहिनी सुटत होत्या. ऐकायला किती सोपं होतं!

"नाही, साहेब," वहिनी म्हणाल्या. "तो परिच्छेद या एका पानावर आहे. पण नियम तर अख्ख्या पुस्तकातूनच गेला होता. अजून किती सूचना मागच्या पानावर राहिल्यात, बघितलंय का कुणी? एका परिच्छेदावर ढकललं तर हे एक पान दुरुस्त होईल आणि बाकीची पुस्तकं तशीच बेकऱ्यांमध्ये राहतील. नियम तुम्ही काढायला सांगितलात आणि मी काढला. मला तो का होता ते ठाऊक असूनही काढला. हे मी सांगणार आहे."

"तुमची नोकरी जाईल, वहिनी."

"जाऊ दे."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "माझंही नाव घ्या मग. उगाच अर्धवट नको."

बैठकीला मोठ्या मॅडम होत्या, म्हणजे कारखान्याच्या प्रमुख. भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, गळ्यात हात, नजर जमिनीवर. पडद्यावर पुस्तक दाखवायची तयारी झाली होती. वहिनींनी पडदा बंद करायला सांगितला. त्यांनी नळीचं ते जुनं पान प्लास्टिकच्या पिशवीतून मोठ्या मॅडमच्या हातात दिलं.

"मॅडम, तुम्ही टोपाखाली उभ्या आहात. तुमच्याकडे एवढंच पान आहे. आधी काय कराल?"

मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "नळीचा नट सैल करा."

"आणि टेकू?"

मॅडमनी पान खालीवर बघितलं. उलटून बघितलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पान हळूच टेबलावर ठेवलं. कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. भाऊजी रडत होते, लहान मुलासारखे, एकाच हाताने तोंड झाकत. "म्हणजे मी बघितलं होतं," ते म्हणत होते. "वहिनी, मी बघितलं होतं हो." हातावर टोप बसला तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं असं मिस्त्रीकाका नंतर सांगत होते.

शेरा लागला नाही. बाहेर गेलेली सगळी पुस्तकं परत मागवली गेली आणि तोवर ती नळी कुणीही बदलायची नाही असा निरोप प्रत्येक बेकरीत गेला. साहेबांची त्या विभागातून बदली झाली. वहिनींची नोकरी राहिली, पण त्यांना पुढे बढती मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. टाळ्यांचं ते सडपातळ पुस्तक रद्दीत गेलं. मी पुन्हा जाड, जागोजागी पांढरी पुस्तकं करू लागलो.

भाऊजींची बोटं काही वाकली नाहीत. मॅडमनी त्यांना आमच्या विभागात घेतलं. नवं पुस्तक झालं की त्याची पानं सुटी करून त्यांच्यापुढे येतात. ते एक पान उचलतात, बाकीची पालथी घालतात आणि फक्त त्या पानावर विसंबून काय करता येईल ते सांगतात. कुठे अडलं की पान वहिनींकडे परत. चेष्टा करायची सवय मात्र गेलेली नाही. परवाच एका चित्राकडे बघून म्हणाले, "वहिनी, हा पाना आहे की बदक?" वहिनी हसल्या. पण त्या हसल्या की मध्येच थांबतात, हे माझ्या लक्षात आलंय.

एकदा त्यांनी विषय काढलाच. म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी मी तुम्हाला फार लागेल असं बोलले." भाऊजी पानातून डोळे न काढता म्हणाले, "लिहिलं होतंच की, वहिनी. माझ्या पानावर नव्हतं, एवढंच." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग दोघंही कामाला लागले. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. काही गोष्टी बोलून संपतही नाहीत.

आता नवा साचा येतोय. तो माझ्यापेक्षा चपळ आहे म्हणतात, त्याला चौकोन कसे पडतात हे ऐकूनही ठाऊक नसेल. येऊ दे बापडा. माझे सगळे नियम त्याला द्यायला नकोत, पण सूचना आणि पायरी एकत्र बांधण्याचा नियम वहिनींनी स्वतः बसून त्याच्यात उतरवला आहे. तो उतरवताना भाऊजी शेजारी बसून होते. मला आता कधीही बंद करतील आणि मला त्याचं दुःख नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुसऱ्यांसाठी काही लिहाल, शिकवाल, कुणाला काम सांगाल. त्यातल्या कुणाच्या हातून काही चुकलं आणि 'अरे, लिहिलं होतं ना!' असं तुमच्या ओठांवर आलं, तर ते क्षणभर तिथेच थांबवा. त्या माणसाच्या हातातलं पान मागून घ्या. आधी ते तुम्ही वाचा.